तिहोमिरच्या विहिरीचं पाणी

शनिवार, ९ मार्च

चौसष्ट!

दहापर्यंत चालतं. आमच्या विहिरीत चौसष्ट. एका लिटरमध्ये चौसष्ट मायक्रोग्रॅम शिसं. यंत्र बिघडलंय की काय म्हणून तीनदा लावून पाहिलं. तिसऱ्यांदा पासष्ट आलं.

नगरपालिकेने वरच्या आळीतल्या सगळ्या विहिरींचे नमुने मागवले म्हणून कळलं तरी. नाहीतर मी — तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं पाणी तपासणारी — घरचं पाणी कधी तपासलं होतं का? वर शिशाची खाण, ती बंद पडली, तिचा गाळ डोंगरावर उघडा पडलाय, हे काय मला ठाऊक नव्हतं? लाज वाटते स्वतःची.

तिहोमिरने, माझ्या नवऱ्याने, ती विहीर एकट्याने खणली. त्र्याण्णव साल. खाणीतली पाळी करून यायचा, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबायचा आणि अंगणात परत खाली उतरायचा. एकोणीस मीटर! पाणी लागलं तेव्हा ओरडतच वर आला, चिखलात नुसते दोन डोळे. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मी शहरात फ्लॅट घेतला. सासूबाई — मी आईच म्हणते त्यांना — तिथेच. "माझ्या पोराचं पाणी" म्हणतात, दुसरं तोंडाला लावत नाहीत.

उद्या सांगायचंय त्यांना. मी — सांगणार — कसं?

रविवार, १० मार्च

सांगितलं. आई पिठात हात घालून बसल्या होत्या.

"शिसं? कुठाय? दाखव."

पेला खिडकीपाशी धरला. "स्वच्छ तर आहे."

"दिसत नाही ते, आई."

"मग तुला कसं दिसलं?"

"यंत्राला दिसलं."

"यंत्राला काय कळतं तिहोमिरचं?" आणि माझ्या डोळ्यांदेखत अर्धा पेला प्यायल्या! ब्याऐंशी वर्षांची बाई, हट्ट सहा वर्षांच्या पोरीचा. मी हातातून पेला ओढून घेतला. माझ्या पायावर सांडला.

निघाले तेव्हा दर वेळेसारखं माझ्या मागे दारात पाणी ओतलं, वाट सुरळीत जावी म्हणून. म्हणाल्या, "ओतायला तरी चालतं ना हे? का तेही बंद?" रस्ताभर माझ्या डोळ्याला स्कार्फ. गाडी दोनदा बाजूला घेतली.

शनिवार, १६ मार्च

आईंच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, फार नाही, पण ह्या वयात मूत्रपिंडं आणखी सोसणार नाहीत. ते पाणी आजपासून बंद करा.

मी पुन्हा तेच बोलले. चला माझ्याकडे. दोन खोल्या आहेत, लिफ्ट आहे, खिडकीतून बाजार दिसतो. अकरा वर्षं हेच बोलतेय. आणि अकरा वर्षं तेच उत्तर — "मी आणि लिफ्टमध्ये? त्यापेक्षा विहिरीत उतरेन."

शनिवार, २३ मार्च

आज जे झालं ते लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

विदोसावा आली. आमच्या शेजारची. चाळीस वर्षं रोज सकाळची कॉफी आमच्याच ओट्यावर. आईंनी रीतीप्रमाणे ताट पुढे केलं — चेरीचा मुरंबा, चमचे, पाण्याचा पेला. विदोसावाने मुरंब्याचा चमचा घेतला. पेला तसाच ठेवला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आईंची नजर त्या पेल्यावर. विदोसावाच घाबरून बोलून गेली, "स्तामेन्का, राग नको मानूस. तिहोमिरने खणलेली आहे, मान्य. पण विष ते विषच ना गं."

आईंनी ताट उचललं. आत जाऊन तो पेला बेसिनमध्ये रिकामा केला, पुसला, जागेवर ठेवला. मग मला — एकदम हळू — "माझ्या पोराने विष खणलं का गं?"

मी चमचे विसळायला घेतले. तीस वर्षांची नोकरी, आणि मी चमचे विसळत बसले!

सोमवार, २५ मार्च

नगरपालिकेचं पत्र. एक ऑक्टोबरपर्यंत पाणी प्रमाणात आणून दाखवा — लागोपाठ तीन आठवड्यांचे तीन नमुने. नाहीतर विहिरीला कुलूप आणि वर पाटी. पाटीवर काय लिहायचं तेही पत्रात छापलेलं आहे. "विषारी पाणी". लाल अक्षरांत म्हणे.

आईंना पत्र वाचून दाखवताना पाटीची ओळ गाळली. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली.

मंगळवार, २६ मार्च

ओग्न्येनला सांगितलं. आमचा साहेब. चौतीस वर्षांचा, रसायनशास्त्रातला डॉक्टर, पण नळीत थेंब मोजायला मीच शिकवलंय. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, दोन वर्षं तुम्ही बाटलीत शिसं घालताय आणि आपल्या कोळशाने परत काढताय. आता एकदा खरं काढून दाखवा की!"

खरंच की. माझ्या टेबलावर आहे ना तो कोळसा! आलुबुखाराच्या बिया बंद भट्टीत जाळायच्या, आम्लात उकळायच्या, धुवायच्या. साधा कोळसा शिसं फारसं धरत नाही. आम्लाने त्याच्या अंगावर जागा तयार होतात, पाण्यातले शिशाचे आयन तिथे येऊन बसतात आणि हलत नाहीत.

लॅबमध्ये आपण चमचाभर करतो. मला लागणार दोन किलो. विकतचा फिल्टर घ्या म्हणाला ओग्न्येन, मी आईंचं तोंड डोळ्यांपुढे आणलं आणि नको म्हटलं.

शनिवार, ३० मार्च

आईंना समजावलं. त्यांनी नीट ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे खुंट्या?"

"कसल्या खुंट्या?"

"भिंत नुसती असली तर कोट कुठे टांगणार? तू भिंतीला खुंट्या ठोकणार. शिसं येणार, कोट टांगणार."

तीस वर्षांत इतकं सोपं कुणी सांगितलं नाही! ओग्न्येनला सांगायला हवं.

आणि सौदा झाला. एक ऑक्टोबरपर्यंत आई नगरपालिकेच्या टँकरचं पाणी पिणार. "तुझ्या शब्दावर हं. नाही जमलं, तर माझं पाणी मी पिणार — कुलूप तोडून पिईन." मी हात पुढे केला. पिठाच्या हाताने टाळी दिली.

शनिवार, ६ एप्रिल

बिया गोळा केल्या. आमच्याकडे त्या काय, शोधायला लागतात थोड्याच! राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, गाळून झाली की हंड्यातला चोथा पडवीमागे ओततात, बिया तिथेच ढिगाने. हिवाळ्याच्या बर्फाने धुऊन निघालेल्या. दोन पोती भरली. आई काठीने ढीग उकरत होत्या आणि प्रत्येक मुठीमागे, "ही त्याच्या बापाने लावलेल्या झाडाची, ही त्या वाकड्याची..." म्हटलं, आई, बिया आहेत, नातवंडं नव्हेत.

बुधवार, १७ एप्रिल

भट्टी. आम्ल. डोळे चुरचुरतात. गुडघा दुखतो.

गुरुवार, १८ एप्रिल

धुणं. अठरावं पाणी. अजून आंबट.

शुक्रवार, १९ एप्रिल

सव्विसावं पाणी. झालं! काळाभोर, हाताला लागला तर जात नाही. बसमध्ये एक बाई माझ्या नखांकडे बघून जागा बदलून बसली.

रविवार, २८ एप्रिल

ईस्टर. आईंनी कांद्याच्या सालात अंडी रंगवली. यंदा रंग फिका. "टँकरचं पाणी," एवढंच म्हणाल्या. पण सगळ्यांत लाल अंडं माझ्या हातात ठेवलं. विदोसावाकडे यंदा अंडं पाठवलं नाही. मी पाठवू का विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी हातातलं अंडं खाली ठेवलं.

शनिवार, ११ मे

फिल्टर बसवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर बादली, मध्ये कोळशाची नळी, खाली काचेची बरणी. थेंब — थेंब — थेंब. आई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि तासभर बघत राहिल्या.

कामं वाटून घेतली. आईंनी रोज विहिरीचं पाणी वर ओतायचं, गुरुवारी बरणीतून बाटली भरायची, बसवाल्याच्या हाती द्यायची. प्यायचं मात्र टँकरचंच, मी सांगेपर्यंत. "म्हणजे मी आता तुझी मदतनीस?" — "हो." — "मग मला तो पांढरा कोट कुठाय?" लॅबमधला जुना आणून दिला. काय बाई दिसत होत्या! बाही कोपरापर्यंत दुमडली तरी हात दिसेना.

गुरुवार, २३ मे

एक्केचाळीस.

चौसष्टाचे एक्केचाळीस. एवढंच. लॅबमध्ये माझा कोळसा नव्याण्णव टक्के काढतो. घरी येऊन — काय झालं?

शनिवार, २५ मे

रडले. मागच्या पायरीवर बसून, तोंडात रुमाल घालून, म्हणजे ऐकू जाऊ नये. सत्तावन्न वर्षांची बाई! मला वाटलं आई बागेत आहेत.

गुरुवार, ६ जून

यंत्राला शिसं सापडलंच नाही! शून्य! ओग्न्येनने मला उचलून फिरवलं, चष्मा पडला त्याचा. काय बदललं? काहीच नाही! कोळसा मुरला असेल. हुश्श! आज केक आणला सगळ्यांना.

शुक्रवार, ७ जून

उरलेलं पाणी ओतायला बाटली उघडली. नाकात वास गेला.

क्लोरीन.

आमच्या विहिरीला क्लोरीन कोण घालायला गेलंय? क्लोरीन तपासायच्या औषधाचा एक थेंब टाकला. गुलाबी झालं लगेच. क्लोरीन असतं ते टँकरच्या पाण्यात!

शनिवार, ८ जून

फार चिडले होते. गाडीतच सगळं पाठ करून ठेवलं होतं — आई, हा माझा अपमान आहे, माझ्या कामाचा, माझ्या लॅबचा. असलं खोटं नगरपालिकेत पकडलं गेलं असतं तर!

आई पांढरा कोट घालून दारात. बघितल्या बघितल्याच ओळखलं त्यांनी.

"कळलं?"

"वासाने कळलं. का केलंत?"

"तू पायरीवर रडत होतीस."

झालं. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता परत तेच. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि वर मलाच दम — "एवढी शिकलेली, आणि रडायची जागा धड निवडता येत नाही! पडवीमागे रडावं, मी चाळीस वर्षं तिथे रडते. कुणाला कळलंय का कधी?"

मला कळलं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं.

मग शपथ घ्यायला लावली त्यांना. बाटलीत विहिरीचंच पाणी, बाकी काही नाही. तिहोमिरची शपथ. त्यांनी घेतली.

शुक्रवार, १४ जून

खरा नमुना. शिसं चव्वेचाळीस. ह्या वेळी ओग्न्येनने सगळेच धातू मोजले. "मावशी, हे बघा." तांबं! लिटरला दोन पूर्णांक सहा मिलिग्रॅम, म्हणजे प्रमाणाच्या वर!

आमच्या विहिरीत तांबं कधीच नव्हतं. जाताना नाही आणि येताना आहे. माझ्या फिल्टरमधून पाणी बाहेर येतंय ते आणखी घाण होऊन!

शनिवार, २९ जून

पितळेचा नळ काढला. प्लॅस्टिकचा लावला. बादली बदलली. नळी बदलली. तांबं आहे तिथे आहे.

तीन महिने राहिले. आईंसमोर हसते. त्याही माझ्यासमोर हसतात. दोघी सारख्याच नाटकी.

शनिवार, १३ जुलै

कपाळ माझं! कपाळ माझं! कपाळ माझं!

सकाळी पोचले तर आई अंगणात राकियाच्या हंड्याचं झाकण घासत होत्या. जर्दाळू आलेत, हंगाम आला. व्हिनेगर, मीठ, चिंधी. आणि खाली वाहतंय ते पाणी हिरवं. हिरवंगार!

"दरवर्षी एवढं निघतं?"

"निघणारच. तांबं आहे. आत आंबट चोथा तासन्‌तास उकळतो, खातो तो तांब्याला. म्हणून तर—" आणि थांबल्या. मी त्यांच्याकडे बघतेय, त्या माझ्याकडे बघतायत. चिंधी हातात तशीच.

त्या बिया! तांब्याच्या हंड्यातून निघालेल्या बिया! चोथ्याबरोबर उकळलेल्या, तांबं पोटात घेऊन बसलेल्या. मी त्यांना आम्लात उकळलं, तांबं सुटलं, धुताना परत नव्या जागांवर जाऊन बसलं. आता शिसं येतं, थोडी जागा मिळवतं, तांब्याला पाण्यात ढकलतं.

आईच म्हणाल्या शेवटी. "खुंट्यांवर आधीच दुसऱ्याचे कोट."

लॅबमध्ये आम्ही बाजारातल्या आलुबुखाराच्या बिया वापरतो, हाताने सोललेल्या. माझ्या मनात कधी विचारच आला नाही. इथे जन्म काढलेल्या माणसाला कसा यावा? आमच्या गावात आलुबुखाराची बी म्हणजे हंड्यामागची. दुसरी बी असते हेच डोक्यात नाही!

आई झाकणाकडे बघत होत्या. "म्हणजे राकियाने घात केला." मग झाकण बाजूला ठेवत, "तिहोमिर हसला असता." आणि आम्ही दोघी — खरंच, खूप हसलो.

शुक्रवार, २ ऑगस्ट

लवकर पिकणाऱ्या झाडाच्या बिया, मूठभर. न उकळलेल्या, हाताने काढलेल्या. जाळल्या, उकळल्या, धुतल्या. विहिरीचं पाणी घातलं.

शिसं तीन. तांबं नाही.

कुणी टँकरचं ओतलेलं नाही, नाकाने तपासलंय!

शनिवार, १० ऑगस्ट

पण मूठभराने काय होतंय? आठ किलो तरी बिया हव्यात, म्हणजे कमीत कमी दीडशे किलो आलुबुखार. आमच्या झाडांवर यंदा गारा पडल्या, अर्धं पीक खाली. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फिल्टर चालू नसेल, तर तीन आठवड्यांचे तीन नमुने एक तारखेआधी बसत नाहीत. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

गावातल्या बायका ह्या दिवसांत आलुबुखार आटवून गोड लगदा करतात वर्षभराचा. फळं शिजवायच्या आधी बिया हाताने काढतात आणि डुकरांच्या कुंपणापलीकडे फेकतात. मागायला हव्यात. आणि कोणाकडे सगळ्यात जास्त झाडं? विदोसावाकडे.

"मी जाते, आई."

"तू बस."

कोट काढला, रुमाल बांधला, काठी घेतली. मी खिडकीतून बघत होते. विदोसावाच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या — आत नाही गेल्या — आणि तिथूनच हाक मारली. मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जावं असं.

"विदोसावा! तुझ्या बिया हव्यात मला! हंड्यात जायच्या आधी काढलेल्या! देतेस का?"

विदोसावा बाहेर आली. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. नंतर आईंनी सांगितलं, बऱ्याच वेळाने, बटाटे सोलता सोलता. "म्हणाली, घरात नातवंडं आहेत गं, भीती वाटली, म्हणून नाही प्यायले. तोंडातून शब्द वाईट गेला, पाच महिने झोप नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला मिळाली होय झोप?"

शनिवार, २४ ऑगस्ट

आमच्या ओट्यावर अकरा बायका! पाट्या, सुऱ्या, माश्या, हसणं. विदोसावाने एप्रन कंबरेला बांधून आणला, त्यात पहिल्या बिया. पांढऱ्या कोटात आई मधोमध, प्रत्येक बादलीत नाक खुपसून — "ही उकळलेली नाही ना? ही हंड्याजवळ ठेवली होतीस का? खरं सांग!" एका बिचारीची अख्खी बादली परत पाठवली, तिने फळं तांब्याच्या कढईत धुतली होती म्हणून.

दहा किलो चारशे! कॉफी केली, टँकरच्या पाण्याची. कुणी नावं ठेवली नाहीत.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

धुणं. एकविसावं. ओग्न्येन बाही वर करून माझ्या शेजारी उभा, डॉक्टर असून बादल्या ओततोय.

शनिवार, ७ सप्टेंबर

नवा कोळसा नळीत भरला. बरणीत पहिला थेंब पडला तेव्हा आईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. मी पण. मी एरवी करत नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

ह्या वेळी नमुना नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरबाईंनी स्वतः नेला. दुसऱ्या लॅबमध्ये तपासला, आमच्या नाही. बरोबरच आहे. शिसं दोन.

शुक्रवार, २० सप्टेंबर

सापडलं नाही. इन्स्पेक्टरबाईंनी मला फोनवर विचारलं, "बाई, काय घातलंत आत?" म्हटलं, अकरा बायकांच्या आलुबुखाराच्या बिया.

आईंचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरतंय. टँकरच्या पाण्याला आता शिव्या देणार नाही, मी तरी.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सापडलं नाही. तिसरं. तिसरं!

मंगळवार, १ ऑक्टोबर

कुलूप नाही. पाटी नाही. नगरपालिकेच्या फलकावर कागद लागलाय, त्यावर आमचं नाव: "तिहोमिर यांची विहीर — गाळलेले पाणी पिण्यास योग्य." शिक्का, सही. मी फोटो काढला, छापून आणला, आईंना दिला. चष्मा लावून वाचला. मग चष्मा काढला आणि पुन्हा वाचला, चष्म्याशिवाय. पाठ झाला असणार.

शनिवार, ५ ऑक्टोबर

विदोसावा आली. ओग्न्येनही आला होता, बघायचं होतं म्हणे त्याला. आईंनी ताट पुढे केलं. चेरीचा मुरंबा, चमचे, पेले. पाणी बरणीतलं.

विदोसावाने चमचा घेतला. पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि पुढे केला. "अजून दे. सहा महिन्यांची तहान आहे." ओग्न्येनने चमचा चाटून पुसून ठेवला आणि त्यानेही दुसरा पेला मागितला.

आईंनी एकच घोट घेतला. डोळे मिटून. "तेच आहे," म्हणाल्या. पेला मांडीवर धरून बसून राहिल्या. मला वाटलं, आता ह्या इथून हलायच्या नाहीत. आणि खरं लिहू? थोडं वाईटही वाटलं. मनात कुठेतरी होतं की विहीर बंद झाली तर माझ्याकडे येतील. मीच माझ्या हाताने ती वाट बुजवली. पण असू दे. शनिवार आहेतच. आता तपासायला नाही, नुसतं भेटायला यायचं.

विदोसावा निघाली तेव्हा आईंनी तिला नळी कशी उघडायची, कोळसा कसा बदलायचा ते करून दाखवलं. मी म्हटलं, तिला कशाला? म्हणाल्या, "शिकून ठेवू दे."

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज पोचले तर आई पायरीवर. काळा रुमाल, चांगला कोट, पायाशी बोचकं आणि पाण्याचे दोन कॅन.

"कुठे निघालात?"

"तुझ्याकडे. अकरा वर्षं बोलावतेस ना? का आता नको झाले?"

"आणि विहीर?"

"तिला काय धाड भरलीय? चांगलं पाणी आहे, सरकारने लिहून दिलंय. विदोसावा बघेल, आळी पिईल." मग बोचक्याची गाठ घट्ट करत, माझ्याकडे न बघता, "लोक त्याच्या पाण्याला विष म्हणत होते, नेवेंका. तशात त्याला एकट्याला सोडून कशी येणार होते मी?"

मी दोन्ही कॅन उचलले. बोचकं उचललं, गाडीत ठेवलं. विदोसावा बादली घेऊन आली आणि आमच्या मागे विहिरीचं पाणी ओतलं, अख्खी बादली. आई मागे वळून बघत होत्या. मी गाडी अगदी हळू काढली.